अधिकाचा जावई

लग्न मे महिन्यात झालं आणि जुलैत मला कळलं की मी नारायण आहे.

२०२३ साली श्रावण दोनदा आला. १८ जुलै ते १६ ऑगस्ट अधिक श्रावण आणि त्यानंतर खरा, म्हणजे निज श्रावण. बायकोची पहिली मंगळागौर निजात ढकलली गेली आणि मधल्या मोकळ्या महिन्यात माझा नंबर लागला. अधिकात लेक-जावयाला लक्ष्मी-नारायण मानून वाण देतात. कोथरूडात वाढलेल्या मला हा अधिक, म्हणजेच धोंड्याचा महिना म्हणजे सराफांच्या पानभर जाहिरातींचा महिना, एवढंच ठाऊक. पण साताऱ्याहून सासूबाईंचा फोन आला. "जावईबापू, रविवारी वाण द्यायचंय. सुट्टी नाही, हे ऐकणार नाही." रविवारी सुट्टी नाही असं म्हणायची सोयच नव्हती.

बाबा बँकेतून निवृत्त झालेत. त्यांनी पंचांग उघडून खातं समजावलं. "चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सौर वर्ष ३६५ चं. दरसाल अकरा दिवसांची उधारी. ती साचते आणि दर बत्तीस महिने, सोळा दिवस, चार घटिकांनी अख्खा महिना देऊन फेडतात." उधारी सूर्य-चंद्राची, मग हप्ता माझ्या सासऱ्यांनी का भरायचा, हे मी विचारलं नाही. मिळतंय ते जातं.

स्वारगेटला एसटी मिळाली, जागाही मिळाली. त्याच वर्षीच्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालेलं. कंडक्टरनं न विचारताच यंत्र दाबलं, "एक फुल, एक हाफ." बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली, "नारायण फुल, लक्ष्मी हाफ." शिरवळ, खंबाटकीचा घाट, पाऊस, असं करत साताऱ्याला उतरलो तो थेट डबक्यात. घोट्यापर्यंत.

त्याच पायांनी मला पाटावर बसवलं. सासरे स्वतः तांब्या घेऊन पाय धुवायला पुढे. वडिलांच्या वयाचा माणूस पायाशी वाकलाय आणि परातीतलं पाणी चहाच्या रंगाचं होतंय, हे दृश्य ज्यानं अनुभवलंय त्यालाच नारायणपदाची किंमत कळेल. मेहुणा फोनवर सगळं चित्रित करत होता. जवळून.

मग पुरणाचे धोंडे. वर तूप. मी चार खाल्ले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, आता लाजू नका, सुरुवात करा की."

पण खरा मामला अनारशांचा. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग कुटून गुळात मुरवायचे, खसखशीवर थापून तुपात सोडायचे. एवढं करून अनारसा कढईत विरघळून पसरला, तर तो 'हसला' म्हणतात. सासूबाई गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "पहिला घाणा सगळा हसला हो." मला हसू फुटलं. बायकोनं चिमटा काढला. त्या घरात आठवडाभर हसायची परवानगी फक्त अनारशांना होती.

वाण म्हणजे मोजून तेहतीस आणि जाळीदारच हवेत. जाळीदार का, असं आजेसासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "असतं तसं." तबकात अनारसे, शेजारी तुपाचा दिवा, माझ्या हातात नारळ. नंतर सगळं स्टीलच्या डब्यात गेलं आणि बजावणी झाली. डबा हिंदकळायचा नाही, पाणी लागू द्यायचं नाही आणि घरी देवापुढे ठेवल्याशिवाय उघडायचा नाही.

परतीच्या एसटीची खिडकी बंद होत नव्हती. पाऊस तिरपा आत. बायकोनं छत्री उघडली आणि डब्यावर धरली. नारायण भिजला तरी चालतो, अनारसा सादळता कामा नये. मी डबा मांडीवर घेऊन, तान्ह्या बाळाला घेऊन बसावं तसा बसलो. शेजारच्या आजी दोनदा म्हणाल्या, "झोपलंय का?" त्यांनी चष्मा लावला नव्हता, असं मी धरून चाललोय.

तेव्हा साताऱ्याला जाताना खंबाटकीचा घाट लागायचा, येताना बोगदा. बोगद्यात गाडी शिरली, डोळ्यांपुढे अंधार झाला आणि डाव्या बाजूनं बारीकसा 'कुर्र' असा आवाज आला. एसटीत असे आवाज येतच असतात. मी लक्ष दिलं नाही. उजेड आला तेव्हा छत्री जागेवर, झाकण जागेवर आणि बायको श्लोक म्हणत असल्यासारखी डोळे मिटून.

घरी आईनं डबा देवापुढे ठेवला, दिवा लावला आणि मोजायला घेतलं. आईला मोजण्याची सवय आहे. धोब्याकडून आलेले कपडेही ती दोनदा मोजते.

"साडेबत्तीस," ती म्हणाली.

"अं?"

"बत्तीस अख्खे. एक अर्धा. दातांची खूण आहे."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "माझं हाफच होतं ना." तिला सासरी येऊन अडीच महिने झाले होते, आईपुढे अजून ती जपून बोलायची. आता मात्र तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं आणि खुशीत मांडीवर थाप मारली. "अगं, अधिक कधी येतो? बत्तीस महिने, सोळा दिवसांनी. म्हणजे साडेबत्तीसच की! हिशोब सूनबाईंचाच बरोबर."

"आणि वरच्या चार घटिका?" आई सहजी हार मानत नाही.

बायको उठली, तिनं ओढणी झटकली. खसखशीचे चार दाणे फरशीवर पडले.