नांगर थांबवला की माळ परत येतो?

व्हॉट्सअॅपवर एक मेसेज फिरतोय: "शेत पडीक सोडा, बाकी निसर्ग बघून घेईल. बी मातीत असतंच. दहा वर्षांत मूळ गवत, वीस वर्षांत जंगल." जमीन सोडली की उघडी राहत नाही, एवढं यात खरं आहे. बाकीचं तपासू.

"दहा वर्षांत." अमेरिकेत मिनेसोटातल्या सीडर क्रीक या संशोधन क्षेत्रात १९२७ ते २०१५ या काळात वेगवेगळ्या वर्षी सोडलेल्या २१ शेतांतल्या वनस्पतींची ३७ वर्षं दरवर्षी नोंद झाली. तुलनेला शेजारची कधीच न नांगरलेली जमीन होती. २०१९ साली निष्कर्ष छापून आले. शेत सोडल्यावर वर्षभराने वनस्पतींची विविधता न नांगरलेल्या जमिनीच्या ३८ टक्के, ९१ वर्षांनी ७३ टक्के. गवताचं उत्पादन तर तेव्हाही जेमतेम ५३ टक्के. आजोबांनी सोडलेलं शेत नातवाच्या म्हातारपणीही अपुरंच.

"बी मातीत असतंच." असतं, पण कुणाचं? वर्षानुवर्षं नांगरलेल्या रानात मुख्यतः तणाचं. बारमाही गवतांचे ठोंब एकदा उपटले की त्यांचं बी शेजारून यावं लागतं, आणि शेजारीही शेतंच असतील तर येणार कुठून? सीडर क्रीकच्या शेतांत आधी रॅगवीडसारखी एका हंगामाची तणं येतात. मग क्वॅकग्रास हे युरोपातून आलेलं गवत बस्तान बसवतं. आपल्या हराळीसारखं जमिनीखालून पसरणारं. तिथलं मूळचं लिटल ब्लूस्टेम गवत झुबक्यांनी वाढतं, पण त्याला जम बसवायला दशकं लागतात. तिथल्याच न नांगरलेल्या गवताळ भागात शास्त्रज्ञांनी बाहेरून बी टाकलं तेव्हा नव्या जाती रुजल्या. म्हणजे धड माळावरही बियांची वानवा असते, तर पडीक शेताचं काय! मातीचंही तेच. तिथल्या रेताड जमिनीत नांगरटीपूर्वीच्या पातळीच्या ९५ टक्क्यांवर पोचायला नत्राला सुमारे १८० आणि कर्बाला २३० वर्षं लागतील असा अंदाज आहे.

"वीस वर्षांत जंगल." हे झालं तर ती बातमी वाईटच. माळ म्हणजे अर्धवट राहिलेलं जंगल नव्हे. सीडर क्रीकला ओकची झाडं दाटू नयेत म्हणून १९६४ पासून काही भागांत ठरवून आग लावतात. आपल्याकडे सोलापूर, अहिल्यानगरकडच्या पडीक रानात वेडी बाभूळ आणि गाजरगवत माजतं. लांबून हिरवंगार दिसतं, पण गुरांना त्यात तोंड घालता येत नाही आणि माळढोकाला मोकळं रान उरत नाही.

हा मेसेज मला निरुपद्रवी वाटत नाही, कारण त्याचा उलटा अर्थ सहज निघतो: आज माळ नांगरा, उद्या नको झाला तर सोडून द्या. ज्यांना खरंच शेत माळाला परत द्यायचंय त्यांनी जवळच्या जुन्या गायरानातून मारवेल, पवन्या अशा गवतांचं बी गोळा करून टाकावं, वेडी बाभूळ रोप असतानाच उपटावी आणि सुरुवातीची काही वर्षं चराई आवरावी. आणि जो माळ अजून नांगराखाली गेलेला नाही, त्यात ट्रॅक्टर घालू नये.