योजना बंद पडली की दोष गावाचाच?

ग्रामीण पाणीपुरवठ्याविषयी एक मजकूर सगळीकडे फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: फुकट मिळालेल्या योजनेची लोकांना किंमत नसते. लोकवर्गणी घ्या, पाणी समिती नेमा, योजना गावाच्या ताब्यात द्या, म्हणजे आपलेपणापोटी गाव ती कायम चालवतं. नाही चालवली, तर गावच नालायक. वर्गणीचा मुद्दा मलाही पटतो. बाकीच्याचं बघू.

‘आपलेपणा असला की देखभाल होते.’ इंडिया मार्क-२ हातपंप घ्या. दांडा मारून हात दुखले तरी पाणी येत नाही, तेव्हा पुष्कळदा खालच्या सिलिंडरमधला वॉशर झिजलेला असतो. वॉशर तळहातावर मावेल एवढा, पण सिलिंडर लोखंडी पाइपांच्या पार तळाशी. तो तीस मीटरवर असेल तर तीन-तीन मीटरचे दहा पाइप, आतल्या सळयांसकट, एकेक करून वर ओढायचे, आटे सोडवायचे, वॉशर बदलून पुन्हा तसेच खाली सोडायचे. मध्येच एखादा निसटला तर सगळंच बोअरच्या पोटात. याला चार माणसं लागतात, खास अवजारं लागतात. नुसत्या आपलेपणानं पाइप वर येत नाही. पुढे मार्क-३ आणि आफ्रिदेव हे हातपंप आले. त्यांत पाइप जागेवर ठेवून नुसता दट्ट्या वर काढता येतो. म्हणजे दुरुस्ती गावाला झेपेल की नाही, हे पंप निवडतानाच कुठल्याशा कचेरीत ठरलेलं असतं.

‘गावं आळशी असतात.’ सहाराच्या दक्षिणेकडच्या वीसेक आफ्रिकी देशांतले सुमारे ३६ टक्के हातपंप बंद आहेत, असा अंदाज २००९ च्या सुमारास मांडला गेला. इतक्या देशांतली गावं एकदमच आळशी झाली म्हणायची?

‘पाणीपट्टी वेळेवर भरली की योजना स्वतःच्या पायावर उभी राहते.’ पाणीपट्टीतून वीजबिल निघतं, पाणी सोडणाऱ्याचा मेहनताना निघतो, गळती काढता येते. मोटार जळली, बोअर आटली किंवा मुख्य वाहिनी बदलायची वेळ आली की शे-दोनशे घरांची पट्टी कुठेच पुरत नाही. शहरात हाच खर्च लाखो ग्राहकांत वाटला जातो आणि वर सरकारी पैसाही येतो. शहरातल्या कुणाला कधी पंप दुरुस्तीच्या बैठकीला बोलावलंय का?

आणि थकबाकीचं काय? समितीचा खजिनदार म्हणजे शेजारीच. एकट्या म्हातारीचा नळ तोडायचा तो त्यानं, आणि उद्या तिच्याच दारावरून जायचंही त्यानंच. नाही तोडला तर बाकीचे म्हणतात, मग आम्हीच का भरायची? संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं २८ जुलै २०१० रोजी पाणी हा मानवी हक्क मानला. हक्काची जबाबदारी शासनावर येते. ती बिनपगारी खजिनदाराच्या गळ्यात घालणं मला सरळसरळ अनैतिक वाटतं.

‘समितीत बायका घेतल्या की प्रश्न मिटतो.’ घ्याव्यातच. पण पाणी भरून झाल्यावर उरलेल्या वेळात आणखी एक फुकटचं काम, एवढाच त्याचा अर्थ उरू नये.

‘आपल्या पाण्याचं गावालाच जास्त कळतं.’ किती वाजता सोडायचं, कुठे कमी दाबानं येतं, हे नक्कीच कळतं. पण बांगलादेशात जंतूंपासून वाचण्यासाठी घेतलेल्या लाखो नलिकाकूपांच्या पाण्यात नैसर्गिक आर्सेनिक निघालं. १९९३ मध्ये ते उघड झालं. आर्सेनिकला ना रंग, ना वास, ना चव. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम. इतकं बारीक प्रमाण नेमकं मोजायला प्रयोगशाळा हवी, आणि ती समितीच्या कपाटात नसते.

टिकलेल्या योजनांच्या मागे बहुधा कुणीतरी उभं असतं. केनियातल्या क्युसोमध्ये पंपाच्या दांड्यात यंत्र बसवून तो किती हलतो ते मोबाइलवरून कळवलं, आणि पंप बंद दिसताच दुरुस्तीवाला निघाला. पूर्वी जवळजवळ महिना जायचा, तिथे तीनेक दिवसांत काम होऊ लागलं. ब्राझीलच्या सिआरा राज्यात १९९६ पासून गावांच्या संघटनांचा ‘सिसार’ नावाचा संघ चालतो. रोजचं पाणी गावातलाच माणूस सोडतो. बिलं, शुद्धीकरण आणि मोठी दुरुस्ती संघ बघतो. तिथेही मोटारी जळतातच, फक्त फोन कुणाला करायचा ते गावाला ठाऊक असतं.