लोकेशन टाकणार नाही

परवा तंबूचा एक फोटो टाकला, तर खाली चाळीस-पन्नास जणांचा एकच प्रश्न. 'लोकेशन?' कुणी 'भाऊ' लावून, कुणी 'प्लीज' लावून. एक मित्र तर थेट दुकानात आला. मी पाच एचपीच्या मोटरीचं वाइंडिंग भरत होतो, तो समोर स्टुलावर बसला आणि चहा झाला तरी उठेना.

लोकेशन टाकणार नाही. आधी कारण ऐका, मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या.

फोटोत दिसतंय ते कुणाचं तरी खळं आहे. जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी, पावरा आदिवासींच्या एका पाड्यावरचं. तिथे मी पहिल्यांदा झोपलो ते स्वतःच्या हुशारीने नाही. ऑक्टोबर संपत आला होता. आम्ही चौघं, दोन मोटरसायकली, ऑनलाइन मागवलेला नवा तंबू. मोबाइलवर वरून बघून जागा हेरली होती: कोरडा नाला, पांढरी वाळू, दोन्ही बाजूला साग. गादीसारखी वाळू. तंबू लावला, तीन दगडांची चूल मांडली, शेवभाजीचा मसालाही घरून वाटून नेला होता. तेवढ्यात बकऱ्या घेऊन एक म्हातारबाबा वरून उतरले. आमच्याकडे बघत राहिले, मग तंबूकडे, मग वर डोंगराकडे.

"आठे नका झोपू भाऊ. वर पाणी उना ते?" म्हणजे इथे झोपू नका, वर डोंगरात पाऊस आला तर?

आभाळ निरभ्र होतं. आमच्यातला एक हसला. पण म्हातारबाबा हलेनात. बकऱ्या पुढे गेल्या तरी काठी टेकून उभेच. शेवटी त्यांचंच मन राखायला म्हणून आम्ही सामान उचललं आणि त्यांच्या खळ्यावर गेलो. शेणाने सारवलेली जमीन, कडेला कडब्याची गंजी, कुडाच्या भिंतीला टेकवलेली खाट. रात्री दोनच्या सुमारास वरच्या डोंगरात लखलखायला लागलं. आमच्या डोक्यावर चांदण्या तशाच. सकाळी नाल्यावर गेलो तर गुडघाभर गढूळ पाणी चाललेलं, चुलीचे दगडही दिसेनात. पूर म्हणावा असं काही नव्हतं. पण झोपेतल्या चार माणसांना गुडघाभर पाणी पुरेसं असतं.

तेव्हापासून कॅम्पिंगची जागा मी मोबाइलवर शोधत नाही. पाड्यावर जाऊन विचारतो.

आता खान्देशात कुठे, हा प्रश्न. आधी कुठे नाही ते सांगतो, कारण नव्वद टक्के लोक तिथेच तंबू घेऊन निघतात. यावल अभयारण्य १९६९ सालचं, पावणेदोनशे चौरस किलोमीटरच्या घरातलं. शिरपूरकडचं अनेर धरण अभयारण्य आणि चाळीसगाव-कन्नडच्या मधलं गौताळा औट्रमघाट, दोन्ही १९८६ सालची. अभयारण्यात १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय आत शिरताच येत नाही, झोपणं तर लांबच. गौताळ्यात पाटणादेवीला दर्शन घ्या, धवलतीर्थाचा धबधबा बघा, पितळखोऱ्याची लेणी बघा आणि दिवस मावळायच्या आत बाहेर या. कॉलेजात असताना आम्हीही एकदा अभयारण्यात चोरून मुक्काम करायला गेलो होतो. वनरक्षकाने रात्री साडेनऊला उठवून बाहेर काढलं, ते बरोबरच केलं. तेव्हा मात्र घरी येईपर्यंत त्याच्या नावाने खडे फोडले होते.

अभयारण्य नसलेलं राखीव जंगलही मोकळं रान नाही. तिथे विस्तव पेटवणं १९२७ च्या वन कायद्यात बसत नाही, आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत तर काडी ओढायचा विचारही करू नये. सागाची पानं गळून गुडघ्याएवढा पाचोळा झालेला असतो. सिगारेटचं थोटूक पुरतं.

मग उरलं काय? भरपूर उरलं. जंगल जिथे संपतं आणि शेत जिथे सुरू होतं, ती कड. माझ्या मते सातपुड्यात मुक्कामाला याहून चांगली जागा नाही. आवाज सगळे जंगलाचे ऐकू येतात, पाणी जवळ असतं, हाक मारली तर ओ देणारं माणूस असतं. आणि जागेचा मालक कोण, हे स्पष्ट असतं. नंदुरबारकडच्या तोरणमाळलाही हेच सांगेन. साडेअकराशे मीटरच्या आसपासची उंची, डिसेंबरात तिथली थंडी हाडात शिरते. यशवंत तलावाच्या काठावर तंबू ठोकायची सगळ्यांना भारी हौस, पण काठावर दव एवढं पडतं की सकाळी तंबू पिळावा लागतो, आणि थंड हवा खाली खोलगटात येऊन साचते. तिथून वीस-तीस पावलं उंचावर, वाऱ्याला आडोसा बघून झोपलं तर फरक कळतो. तेही आधी विचारून.

हे शहाणपण माझं नाही, ठेलारींचं आहे. साक्री, धुळ्याकडचे आमचे ठेलारी दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन निघतात ते पावसाळ्यापर्यंत उघड्यावरच. कुणाच्या शेतात चार रात्री, कुणाच्या दोन. मेंढ्या बसल्या की शेताला खत होतं, म्हणून शेतकरीच बोलावतो आणि वर धान्य देतो. एकदा आमच्या शेजारच्या वावरात त्यांचा वाडा, म्हणजे मेंढ्यांचा तळ, आला होता तेव्हा संध्याकाळभर बघत बसलो. बाईने आधी पायाने ढेकळं चाचपली. मग मूठभर माती उडवून वारा बघितला. विहिरीपासून लांब, बांधाच्या आड, पण बांधाला चिकटून नाही, कारण बांधात बिळं. मेंढ्या कोंडायची जाळी, म्हणजे वाघर, लावली, कुत्री चार बाजूला बसली, आणि अर्ध्या तासात चूल पेटलेली. आम्ही तंबूची एक काठी कुठली कुठे जाते यावर अर्धा तास भांडतो.

बिळांवरून आठवलं. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. तंबूची चेन पूर्ण लावा, बूट आत घ्या आणि निघण्याआधी जवळचं सरकारी रुग्णालय कुठलं, तिथे सापाचं औषध आहे का, हे फोन करून विचारा. 'बघू तिथे गेल्यावर' हे वाक्य इथे चालत नाही.

दुसरं, मोहाच्या झाडाखाली तंबू लावू नका. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुलं गळतात, आणि ती वेचायला पाड्यावरच्या बाया टोपल्या घेऊन अंधारातच येतात. अस्वलही येतं. मोहाचा वास त्याला लांबून कळतो. बायांना कुठलं झाड कुणाचं ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असतं, अस्वलाला ते मान्य नसतं. आपण मध्ये निळा तंबू घेऊन झोपलो तर दोघांच्याही वाटेत. वेचणारीचा तर त्या दिवसांचा रोजगार असतो तो.

आणि लाकडं. वाळकं झाड दिसलं की आपल्या लोकांचे हात शिवशिवतात. १९९७ साली शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा सापडला, हे किती जणांना माहीत आहे? त्याआधी एकशे तेरा वर्षं या घुबडाची खात्रीची नोंद कुठेच नव्हती, जगाने तो संपला असं धरलं होतं. अमेरिकेतून आलेल्या पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो दिसला आमच्या सातपुड्याच्या पायथ्याला, तोही दिवसाढवळ्या. हा पक्षी झाडाच्या ढोलीत घरटं करतो. म्हणजे तुम्ही शेकोटीसाठी जे भोक पडलेलं वाळकं खोड पाडता, ते कुणाचं तरी घर असू शकतं. घरून स्टो न्या. गॅसचा छोटा सिलेंडर न्या. शेकोटी हवीच असेल तर खळ्यावर मालकाला विचारून, त्याच्याच पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर. पऱ्हाट्या जळतातही झकास.

मी पिन का देत नाही याचं खरं कारण आता सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका धरणाच्या काठाची अशीच एक जागा कुणीतरी टाकली होती. धरणाचं नाव सांगत नाही. पुढच्या थंडीत तिथे माणशी पंधराशे रुपयांचं 'कॅम्पिंग' सुरू झालं. एका ओळीत तीस तंबू, मध्ये स्पीकर, रात्री एकपर्यंत गाणी. सकाळी आम्ही गेलो तर पाण्याच्या कडेला थर्माकोलच्या प्लेटा आणि बकऱ्या त्या चघळताहेत. पलीकडच्या पाड्यावरच्या एका माणसाला विचारलं, तुम्हाला काय मिळतं? म्हणाला, रात्रीची झोप जाते. त्याच्या गावाला पंधराशेतला रुपया नाही.

लोकांनी जंगलात येऊच नये असं मी म्हणत नाही. धनत्रयोदशीला अस्तंब्याच्या यात्रेत हजारो माणसं घोंगडी खांद्यावर टाकून रात्री डोंगर चढतात, वाटेत उघड्यावर झोपतात. आपल्याकडे ही सवय जुनीच आहे. तंबू नवा आहे एवढंच. पण शहरातल्या साध्या घराने, बायकापोरांना घेऊन, शंभर-दोनशे रुपयांत एक रात्र झोपावं अशी जागा पूर्ण खान्देशात मला तरी सापडलेली नाही. एक तर विश्रामगृहाची खोली, किंवा रिसॉर्ट, किंवा चोरून.

माझी मागणी साधी आहे. रावेर तालुक्यातल्या पालला, तोरणमाळला, पाटणादेवीच्या बाहेर, जंगलाच्या कडेला एकेक सपाट मैदान द्या. हातपंप, दोन स्वच्छ संडास, चुलीचे पक्के ओटे, वीस तंबूंची मर्यादा. लाइट नको, कमान नको, सेल्फी पॉइंट तर अजिबात नको. वनहक्क कायदा २००६ पासून आहे, सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभा आमच्या भागात आहेत. मैदान त्यांच्या हातात द्या, पावती त्यांनी फाडावी, भाकरी तिथल्या बायांनी विकावी. दादर ज्वारीच्या भाकरीला शंभर रुपये द्यायला मी तयार आहे. कुणी म्हणेल पाडे बिघडतील. बिघडतीलही थोडे. पण आत्ता जे चाललंय त्यात बिघडायचं ते बिघडतंच आहे, पैसे फक्त तिसऱ्याला जातात.

तोवर माझी पद्धत सांगतो. दुपारी चारच्या आत पाड्यावर पोचायचं. गाडी लांब लावून चालत जायचं. पहिल्या घरी पाणी मागायचं, पिऊन झाल्यावर बसायचं. कुठून आलो, कुणाचे, काय करतो, हे सगळं आधी होऊ द्यायचं. मुक्कामाचं मग काढायचं. मला मोटरीमुळे सोपं जातं, कुणाची ना कुणाची बंद पडलेलीच असते. नाही म्हणाले तर राम राम करून परत फिरायचं, दिवस असतो अजून. हो म्हणाले तर शिधा त्यांच्या हातात द्यायचा आणि सांगतील तिथे झोपायचं.

म्हातारबाबांनी पैसे घेतले नाहीत. त्यांच्या सुनेने सकाळी पाणी भरून दिलेली पितळी कळशी घाईत आमच्या सामानात आली, ती अजून माझ्या माळ्यावर आहे. घरात कुणी काही बोलत नाही, पण बायको दर दिवाळीला ती चिंचेने घासून ठेवते. या पौषात परत करायला जायचंय.