कानेशचे कर्जरोखे बिनव्याजी? कोणी सांगितलं?

“ही 4,000 वर्षांपूर्वीची असीरियन पाटी. कर्ज बिनव्याजी, निव्वळ विश्वासावर, साक्षीदारही नाहीत. दर सात वर्षांनी राजा सगळी कर्जं माफ करून पाट्या फोडायचा. व्याज ही आजच्या बँकांची लूट!” हा फॉरवर्ड वाचून आमच्या मामांनी दुकानाच्या कर्जाचा हप्ता थांबवायची भाषा सुरू केली आहे. म्हणून लिहावं लागतंय.

आधी व्याज. तुर्कस्तानात कायसेरीजवळ कुलतेपेला, म्हणजे जुन्या कानेशला, अश्शूरहून, म्हणजे आजच्या इराकमधल्या असीरियनांच्या शहरातून, गाढवांवर कथील आणि कापड आणणाऱ्या व्यापाऱ्यांच्या 20,000 हून जास्त मातीच्या पाट्या सापडल्या. युनेस्कोने 2015 मध्ये हे दप्तर जागतिक स्मृतिवारशात घेतलं. त्यातले कर्जरोखे साधारण एकाच साच्याचे: अमक्याने अमक्याला इतकी चांदी द्यायची, इतक्या आठवड्यांत, मुदत चुकली तर दर मिन्याला दरमहा दीड शेकेल व्याज. मिना नि शेकेल ही वजनं, एका मिन्याचे शेकेल 60. करा हिशोब! महिन्याला अडीच टक्के, वर्षाला 30. हा असीरियनांचा आपसातला दर बरं का. स्थानिक अनातोलियन ऋणकोला बऱ्याचदा याहून चढा लावत. स्थानिकांच्या काही रोख्यांत तर घर, बायको, मुलं तारण लिहिलेली आहेत. हीच ती बँकांना लाजवणारी माणुसकी?

साक्षीदार नव्हते म्हणे. तळहातावर मावणाऱ्या पाटीवर मातीचंच पाकीट चढवायचे, त्यावर मजकूर पुन्हा लिहायचा आणि ऋणकोचा नि साक्षीदारांचे शिक्के उमटवायचे. चौघांनी मिळून कर्ज घेतलं असेल, तर त्यांतला जो ऐपतदार सापडेल त्याच्या डोक्यावर सगळी रक्कम. विश्वास तो एवढाच.

पाट्या फोडायचे, पण कर्ज फिटल्यावर. रोखा ऋणकोला परत मिळायचा आणि रद्द व्हायचा. सात वर्षांचा नियम बायबलच्या जुन्या करारातला. तो इथे कुठून आला, फॉरवर्डवाल्यालाच ठाऊक.

राजे कर्जमाफी करत, हे मात्र कबूल करायला हवं. बाबिलोनच्या अम्मीसदुकाचं इ.स.पू. 17व्या शतकातलं फर्मान आजही वाचता येतं. पण ती माफी राजाच्या मर्जीने, त्याला वाटेल तेव्हा. आणि व्यापारासाठी उचललेली रक्कम त्या फर्मानातून सरळ वगळलेली आहे.