‘विझिटरवर जा, वर्षात पीआर पक्की’: हा मेसेज ताईपर्यंत पोचला म्हणून

गेल्या मंगळवारी रात्री साडेदहाला ताईचा फोन. एफडी मुदतीआधी मोडली तर व्याज किती कापतात, म्हणून विचारत होती. एवढ्या घाईने कशाला मोडतेस, म्हटल्यावर तिने नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज मला पाठवला. बडोद्यात तो बऱ्याच घरांत पोचला असणार. मजकूर थोडक्यात असा: "विझिटर व्हिसावर कॅनडाला जा. तिथे आम्ही एलएमआयए देतो, लगेच वर्क परमिट. एलएमआयएचे ५० पॉइंट वेगळे. बायकोला ओपन वर्क परमिट. आयल्ट्स नको. एका वर्षात पीआर, १०० टक्के गॅरंटी. एकूण २२ लाख, अर्धे आधी." पीआर म्हणजे तिथे कायम राहायचा परवाना, एलएमआयए म्हणजे परदेशी माणूस ठेवायला मालकाला लागणारी सरकारी मंजुरी आणि ओपन परमिट म्हणजे कुठल्याही मालकाकडे काम करायची मुभा.

भाचा मकरपुऱ्याला जीआयडीसीत मशिनिस्ट आहे. लग्नाला दोन वर्षं झालीत. तो अलकापुरीतल्या एका ऑफिसात टोकनचे ५० हजार आणि पासपोर्ट देऊनही आला होता. मला राग आलाय आणि तो मी लपवणार नाही. तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलीची पीआरची फाइल आम्ही बापलेकीने एजंटशिवाय, घरी बसून भरली. तेव्हापासून कॅनडा सरकारच्या इमिग्रेशन खात्याची वेबसाइट मी वाचत आलोय. खालचे नियम बहुतेक तिथलेच आहेत. वाचायला पैसे पडत नाहीत.

"विझिटरवर जाऊन तिथेच वर्क परमिट." हे एकेकाळी चालायचं, एवढं मान्य करावं लागेल. कोविडमध्ये, ऑगस्ट २०२० पासून, कॅनडात असलेल्या विझिटरला देशाबाहेर न पडता वर्क परमिटचा अर्ज करायची तात्पुरती सवलत होती. कारेलीबागेतल्या कुणाच्या मुलाचं तसंच झालं, असं ताई म्हणते. झालंही असेल. पण २८ ऑगस्ट २०२४ ला ती सवलत बंद झाली, ठरलेली मुदत फेब्रुवारी २०२५ पर्यंत असताना. मेसेज मात्र अजून तसाच फिरतोय. आणि व्हिसाच्या फॉर्मवर ‘फिरायला’ लिहून मनात नोकरी असेल, तर पहिलं खोटं बडोद्यातूनच लिहून निघालात.

"एलएमआयएचे ५० पॉइंट." तेही होते. २५ मार्च २०२५ पासून एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे पॉइंट मोजून पीआरसाठी माणसं निवडायच्या पद्धतीत, नोकरीच्या ऑफरचे हे पॉइंट शून्य झाले. कारणही सरकारने उघड सांगितलं: पॉइंटांसाठी लोक एलएमआयए विकत घेत होते. काही प्रांत पीआरसाठी स्वतः नावं सुचवतात, त्या नॉमिनेशनमध्ये खऱ्या ऑफरला आजही किंमत आहे, पण खऱ्या.

आता या विकत घेण्याबद्दल. सगळ्यात जास्त घरं इथेच बुडतात. एलएमआयए म्हणजे मालकाने सरकारला दाखवायचं असतं की जाहिरात देऊनही या कामाला कॅनडातला माणूस मिळाला नाही. अर्ज मालकाचा. फी १,००० डॉलर, म्हणजे साठ हजार रुपयांच्या वर, तीही मालकानेच भरायची. कामगाराकडून ती वसूल करायला बंदी आहे. मग माझ्या बहिणीकडून २२ लाख कशाचे मागताय?

भाच्याने आणलेलं ऑफर लेटर मी दिव्याखाली धरून वाचलं. ब्रॅम्प्टनमधल्या एका रेस्टॉरंटचं. पद: फूड सर्व्हिस सुपरवायझर. पगार महिन्याचा लिहिलेला, तासाचा दर कुठेच नाही. ईमेल साधा जीमेलचा. आणि पत्त्याच्या शेवटी सहा आकडी पिनकोड, आपल्या रावपुऱ्याच्या पत्त्यावर असतो तसा. कॅनडाचा पोस्टल कोड अक्षर, आकडा, अक्षर, मग आकडा, अक्षर, आकडा असा असतो. ब्रॅम्प्टनचा इंग्रजी ‘एल’ने सुरू होतो. ज्याने हे पत्र टाइप केलं त्याने कॅनडाचं एक पाकीटसुद्धा पाहिलेलं नाही.

आठ वर्षं लेथवर काढलेल्या पोराला हॉटेलातला सुपरवायझर का करायचं? कॅनडात कामांचे टीअर ० ते ५ असे गट आहेत. एक्स्प्रेस एंट्रीला ० ते ३ मधलाच अनुभव धरतात. काउंटरवरचं, भांडी घासायचं काम ५ मध्ये येतं, सुपरवायझर २ मध्ये. म्हणून कागदावर सुपरवायझर आणि प्रत्यक्षात भांडी. यातली चीड आणणारी गोष्ट अशी की मशिनिस्टसुद्धा टीअर २ मध्येच येतो. पोराकडे स्वतःचं, खरं कौशल्य आहे. ते पुसून त्याच्या नावावर खोटं चढवायचे पैसे घेतले जात आहेत.

पुढे काय होतं तेही ऐका. हा वर्क परमिट एकाच मालकाच्या नावाने बांधलेला असतो. तो पगार कमी देवो, दिलेला पगार रोखीने परत मागो, तक्रार केली तर नोकरी जाते आणि नोकरीबरोबर परमिटचा आधारही. वर्षाने पीआरला फाइल टाकली की ऑफिसर पगाराच्या स्लिपा, टॅक्सचे कागद, बँकेचं स्टेटमेंट मागू शकतो, मालकाला थेट फोनही करू शकतो. खोटं सापडलं तर इमिग्रेशन कायद्याचं कलम ४० लागतं: ५ वर्षं कॅनडाचं दार बंद, आणि त्या काळात पीआरचा अर्जही करता येत नाही. ही शिक्षा अर्जदाराला होते. "मला माहीत नव्हतं, एजंटने भरलं" हे सहसा ऐकून घेत नाहीत, कारण सही आपली असते.

बाकीचे मुद्दे पटकन. बायकोचा ओपन वर्क परमिट २१ जानेवारी २०२५ पासून आवळलाय: नवऱ्याचं काम टीअर ० किंवा १ मधलं, नाहीतर २-३ मधल्या ठरावीक यादीतलं हवं, आणि त्याच्या परमिटचे निदान १६ महिने शिल्लक हवेत. आयल्ट्स किंवा सेलपिप, पीटीई कोर यांसारखी मान्य परीक्षा दिल्याशिवाय एक्स्प्रेस एंट्रीत प्रोफाइलच होत नाही. आणि एक वर्षाचा अनुभव म्हणजे पीआर नव्हे, तेव्हा कुठे रांगेत उभं राहायला मिळतं. तिथल्या अनुभवावरच्या निवडफेऱ्यांचा (सीईसी ड्रॉ) कटऑफ २०२५ मध्ये ५०० पॉइंटांच्या खाली आलाच नाही. अशा रांगेत १०० टक्के गॅरंटी कोण देणार?

कुणाला मदत घ्यायचीच असेल तर जरूर घ्या, पण पैसे घेऊन सल्ला द्यायचा अधिकार कॅनडाचे वकील व परवानाधारक पॅरालीगल, क्यूबेकचे नोटरी आणि परवानाधारक कन्सल्टंट यांनाच आहे. कन्सल्टंटचा परवाना नंबर मागा आणि त्यांच्या कॉलेजच्या, म्हणजे परवाने देणाऱ्या संस्थेच्या, ऑनलाइन रजिस्टरमध्ये नाव शोधा. दोन मिनिटं लागतात. अलकापुरीच्या त्या गृहस्थांचं नाव आम्ही शोधलं. नाही सापडलं.

ताईने एफडी मोडलेली नाही. भाच्याने आयल्ट्स जनरलची पुस्तकं आणलीत आणि जुन्या कारखान्यातून अनुभवाचं पत्र, कामाच्या तपशिलासकट, मागवलंय. सोमवारी सकाळी आम्ही तिघं त्या ऑफिसात जाणार आहोत. पासपोर्ट भारत सरकारच्या मालकीचा असतो, तो अडवून ठेवायचा हक्क कुणाला नाही. तो आधी हातात घेऊ. मग टोकनच्या पावतीची झेरॉक्स टेबलावर ठेवू. मूळ पावती ताईच्या कपाटातच राहील.