‘असलेलं विंडोजही गेलं’ : मानेवाड्याच्या काकांना उत्तर

काका, आधी एकच विचारतो: फॉरमॅट नाही ना केलंत अजून? नसेल, तर त्या दुकानदाराला थांबायला सांगा आणि बाकीचं उत्तर मग निवांत वाचा. तुमचं विंडोज कुठेही गेलेलं नाही.

ज्यांनी काकांची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. जुन्या कॉम्प्युटरला एक एसएसडी (हार्डडिस्कचंच काम करणारी, पण वेगवान ड्राइव्ह) जोडायची, तिच्यावर लिनक्स मिंट (विंडोजसारखीच, पण मोफत ऑपरेटिंग सिस्टम) टाकायचं आणि जुन्या हार्डडिस्कवरचं विंडोज जसंच्या तसं राहू द्यायचं, असा माझा लेख होता. काकांनी तो वाचून तसं केलं. आठवडाभर बरं चाललं. मग ती एसएसडी मुलाच्या लॅपटॉपला लावून पाहायची म्हणून काढली, तर कॉम्प्युटर सुरू होताच काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढंच. दुकानदार म्हणाला, विंडोज उडालं, सगळं पुसून नव्याने टाकावं लागेल. काका विचारतात, ‘ड्राइव्ह वेगळी म्हणजे धोका नाही असं तुम्हीच लिहिलं, मग असलेलं विंडोजही काहून गेलं?’ जोडीला आणखी तीन तक्रारी आहेत: विंडोजमधलं घड्याळ साडेपाच तास मागे पडतं, एसएसडीचा वेग डबीवर छापल्याच्या निम्मा मिळतो, आणि एवढी उठाठेव करण्यापेक्षा हे धूड भंगारात देऊन नवा घेतलेला बरा.

पहिली तक्रार सोळा आणे खरी आहे, आणि चूक माझी आहे.

झालं असं. तुमच्यासारख्या जुन्या मशीनवर हार्डडिस्कच्या अगदी सुरुवातीला ५१२ बाइटची एक जागा असते. त्यातले ४४६ बाइट कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रामचे, पुढचे ६४ बाइट डिस्कचे भाग कुठे सुरू होतात, कुठे संपतात त्या नोंदीचे, आणि शेवटचे २ खुणेचे. लिनक्सचा असा सुरू करणारा प्रोग्राम म्हणजे ग्रब, तो एवढ्याशा जागेत मावत नाही. म्हणून तो तिथे फक्त पाय रोवतो आणि बाकीचं बिऱ्हाड लिनक्सच्या ड्राइव्हवर ठेवतो. मिंटच्या इन्स्टॉलरमध्ये खाली ‘बूट लोडर (म्हणजे हाच ग्रब) कुठे टाकायचा’ अशी चौकट असते, आणि तिच्यात सहसा पहिली डिस्क आधीच निवडलेली असते. तुमची पहिली डिस्क म्हणजे विंडोजची. म्हणजे विंडोजच्या घराला आपण नवा गुरखा नेमला आणि त्याची किल्ल्यांची जुडी शेजारच्या घरात ठेवली. तुम्ही शेजारचं घरच उचलून नेलं. गुरखा दारात उभा आहे, घर आत शाबूत आहे, पण दार उघडायचं कशानं?

ही चौकट माझ्या लेखातल्या चित्रात दिसतच नाही. मोबाइलवर नीट बसावं म्हणून मी ते चित्र खालून कापलं होतं. बरं, माझ्याकडे हा घोळ झाला नाही तो काही मी हुशार म्हणून नाही. मी एसएसडीची केबल बोर्डावरच्या पहिल्या साटा पोर्टात, म्हणजे डिस्क जोडायच्या खाचेत, खोचली होती, त्यामुळे माझी पहिली डिस्क योगायोगानं एसएसडीच होती. योगायोगाला मी पद्धत समजलो आणि तीच छातीठोकपणे लिहून टाकली.

आता दुरुस्ती. एसएसडी अजून पुसली नसेल तर ती होती त्याच जागी परत जोडा. नेहमीचा मेनू येईल, त्यातून विंडोज निवडा, ते उघडेल. इथे आधी महत्त्वाच्या फायली पेनड्राइव्हवर काढून घ्या. मग लिनक्समध्ये जाऊन टर्मिनलवर (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा द्या. सगळ्या डिस्क आकारासकट दिसतात. २४० जीबीची एसएसडी तिथे २२३.६ अशी दिसेल आणि ५०० जीबीची हार्डडिस्क ४६५.८ अशी; मोजायची पद्धत वेगळी आहे, दुकानदारानं फसवलेलं नाही. नावावर नका जाऊ, आकारावरूनच ओळखा. जी एसएसडी आहे तिच्यावर ‘ग्रब-इन्स्टॉल’ चालवा, बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) तिला पहिला नंबर द्या आणि मिंट सुरू होतंय याची खात्री करा. ती झाली की मगच विंडोजच्या रिकव्हरी पेनड्राइव्हवरून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ‘बूटरेक’, एक मोकळी जागा (स्पेस), तिरपी रेघ, ‘फिक्सएमबीआर’ अशी आज्ञा द्या. ती फक्त गुरखा बदलते; डिस्कच्या भागांच्या नोंदीला हात लावत नाही. नंतर तुम्ही कोणतीही ड्राइव्ह काढा, दुसरी आपली आपण सुरू होईल.

एसएसडी पुसली गेली असेल, तर फक्त शेवटची पायरी करा. विंडोज तेवढ्यानेही उघडेल.

नव्याने करणाऱ्यांनी मात्र हे काही वाचायच्या भानगडीतच पडू नका. मिंट टाकताना विंडोजच्या हार्डडिस्कची केबल सरळ उपसून ठेवा. इन्स्टॉलरला जी डिस्क दिसतच नाही, तिच्यावर तो लिहिणार कुठून? मशीन यूईएफआय (बायोसच्या जागी आलेल्या नव्या) पद्धतीनं चालत असेल तर हे जास्तच जरूर आहे, कारण तिथे त्या चौकटीत एसएसडी निवडली तरी इन्स्टॉलर कित्येकदा पहिल्याच डिस्कवर जाऊन लिहितो.

केबलचा विषय निघालाच आहे तर माझीही फजिती सांगतो. मागच्या मे महिन्यात माझी एसएसडी मधूनच गायब व्हायची. ड्राइव्ह गेली असं समजून मी नागपुरात बर्डीच्या बाजारात नवीन विचारूनही आलो. घरी सीपीयू उघडला तर दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या ज्या टेपनं ती चिकटवली होती, तो आपल्या उन्हाळ्यानं पातळ झाला होता आणि ड्राइव्ह केबलला लोंबकळत होती. वरून कूलरचा झोत थेट सीपीयूवर, त्यामुळे केबलच्या तोंडाशी हिरवट गंज. एसएसडीत फिरणारं काही नसतं, ती तिरपी ठेवा नाहीतर उलटी, तिला फरक पडत नाही. पण तिचं वजन केबलवर येऊ देऊ नका. साधी पत्र्याची पट्टी आणि चार स्क्रू लावा. आणि कूलरसमोर माणसानं बसावं, सीपीयूनं नाही.

घड्याळाचं सोपं आहे. बोर्डावरच्या घड्याळात विंडोज भारतीय वेळ आहे असं धरून चालतं, लिनक्स मात्र त्यात जागतिक वेळ लिहून ठेवतं. दोन्हींत फरक बरोबर साडेपाच तासांचा. संध्याकाळी सातला विंडोज दीड दाखवतं ते त्यामुळे. तुम्ही बोर्डावरचा सेल बदलून आणलात, तो खर्च उगाच झाला. सेल संपला असता तर घड्याळ असं मोजून मापून चुकलं नसतं. लिनक्समध्ये ‘टाइमडेटसीटीएल’ला ‘सेट-लोकल-आरटीसी’ १ करायला सांगा, की दोघं एकाच घड्याळावर येतील.

वेगाबद्दल तुमचं म्हणणं बरोबर, पण तक्रार चुकीच्या जागी आहे. तुम्ही बोर्ड एच६१ लिहिला आहे. त्या चिपसेटचे साटा पोर्ट सेकंदाला ३ गिगाबिटचे, आणि डबीवरचा सेकंदाला ५५० एमबीचा आकडा ६ गिगाबिटच्या पोर्टाचा. निम्माच मिळणार. पण कॉम्प्युटर सुस्त वाटतो तो एवढ्यासाठी नाही. मिनिटाला ७,२०० फेऱ्या मारणाऱ्या हार्डडिस्कला एका फेरीला ८.३ मिलिसेकंद लागतात, आणि हवी ती जागा सुईखाली यायची वाट बघण्यातच सरासरी अर्धी फेरी जाते. लहान लहान हजारो फायली उघडताना ही वाट साचत जाते. एसएसडीला ती बघावीच लागत नाही, मग पोर्ट कोणताही असो.

राहिलं भंगार. इथे मात्र माझं तुमच्याशी पटत नाही. विंडोज १० ला सुरक्षेचे मोफत अपडेट मिळण्याची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. तुमचा आय३ दुसऱ्या पिढीचा. म्हणजे कागदोपत्री तो बाद. पण आमच्या घरी याच वयाच्या मशीनवर सौ. लग्नपत्रिका जुळवते. पानं जुळवायचं पेजमेकर सॉफ्टवेअर जुनं, फॉन्ट युनिकोडच्या (आजच्या सर्वमान्य अक्षरपद्धतीच्या) आधीचे, आणि वीस वर्षांच्या गिऱ्हाइकांच्या फायली त्याच फॉन्टांत. नव्या मशीनवर ते सगळं नीट चालेल याची हमी कोणी देत नाही. म्हणून विंडोज आमच्याकडे इंटरनेटशिवाय, पत्रिकेपुरतं. आणि बँक, मेल, वीजबिल मिंटवर. एका मशीनमध्ये दोन ड्राइव्ह हव्यात त्या याच्यासाठी, हौस म्हणून नाही. तुमच्याकडे असं जुनं काही अडकलेलं नसेल, तर खुशाल विका. एकाच्या खिडकीत दुसरं उघडून दोन्ही एकदम चालवायचा, व्हर्च्युअल मशीनचा मार्गही कुणी सुचवला होता, पण ४ जीबी रॅममध्ये दोघंही उपाशी राहतात.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण पुढे अडवेल. विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते चालू असताना विंडोज पुरतं बंद होतच नाही, आणि लिनक्समधून त्याच्या डिस्कवर फाइल ठेवायला गेलात तर फक्त वाचायची मुभा मिळते. जबरदस्तीनं लिहायला जाऊ नका.

लेखातलं चित्र आज पूर्ण टाकलं आहे, वर तुमच्या तक्रारीची नोंदही केली आहे. आणि ‘ग्रब-इन्स्टॉल’चं एंटर दाबायच्या आधी त्या डिस्कांच्या यादीचा फोटो मला पाठवा. रिकव्हरी पेनड्राइव्ह नसेल तर माझी घेऊन जा, रविवारी सकाळी मी घरीच असतो.