स्टुटगार्टकरांना उत्तर: तो ‘खट्’ आवाज नक्की कुणाचा?

नमस्कार स्टुटगार्टकर,

तुमची प्रतिक्रिया शनिवारी रात्री वाचली तेव्हा कान तापले. रविवारी सकाळी चहा घेताना परत वाचली, तेव्हा लक्षात आलं की निम्म्याहून जास्त खरं आहे. म्हणून हे लांबलचक उत्तर.

ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी: लेस्टरमधल्या आमच्या घरापुढच्या ड्राइव्हवेवर मी माझी २००१ ची माझदा एमएक्स-५ उचलली, डिफरन्शियल (थोडक्यात ‘डिफ’, मागच्या दोन चाकांना इंजिनाची ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) खाली उतरवला आणि त्याचे दोन्ही रबरी बुश, म्हणजे ज्यांवर तो टांगलेला असतो ते धक्के झेलणारे तुकडे, काढून पॉलियुरेथेनचे, म्हणजे रबराहून कडक प्लास्टिकचे, बसवले. त्यावर स्टुटगार्टकरांचं म्हणणं असं, की क्लच सोडताना येणारा ‘खट्’ आवाज बुशचा नव्हताच, मी अंधारात तीर मारला. उतारावर गाडी उचलणं हा मूर्खपणा आणि रबर जाळून काढणं त्याहून मोठा. शिवाय नट गाडी हवेत असतानाच आवळल्यामुळे नवे बुश पिळून राहिलेत, ते वर्षभरात फाटणार. आणि हा सगळा उपद्व्याप कशासाठी, तर गॅरेजचे चारशे पौंड वाचवायला.

रबर जाळण्याबद्दल माझ्याकडे बचावाचा एक शब्दही नाही. पहिला बुश मी ब्लोटॉर्चने जाळला. काळा, चिकट धूर निघाला, शेजारच्या आजींनी वाळत घातलेले कपडे परत धुवायला टाकले, आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत माझ्या घशात टायर जळल्याची चव होती. दुसरा बुश शहाणपणाने काढला. रबरात गोलाकार भोकं पाडत गेलो, मधली नळी बाहेर ढकलली, मग हॅक्सॉचं पातं आत घालून बाहेरच्या लोखंडी कड्याला एक खाच पाडली आणि छिन्नीने कडं आत दुमडून काढलं. यात जपायचं ते शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरला. डिफच्या बाहेर आलेल्या ज्या कानात बुश बसतो तो कान अ‍ॅल्युमिनियमचा आहे. लोखंड कापून झालं की पातं अचानक लोण्यातून गेल्यासारखं चालायला लागतं. तसं झालं की समजावं, आपण नको तिथे पोचलोय. माझ्या डिफच्या डाव्या कानात अशी एक ओरखड आहे. चालेल एवढीच आहे, पण आहे.

अ‍ॅल्युमिनियमचा एक फायदाही आहे, जो मला उशिरा सुचला. तापवल्यावर ते लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. समजा भोक ५० मिलिमीटरचं आहे, तर शंभर अंशांनी तापवल्यावर कान आणि कडं यांच्यात मिलिमीटरच्या वीसाव्या भागाएवढी सूट मिळते. ऐकायला काहीच नाही, पण जाम बसलेलं कडं हलायला तेवढी पुरते. आणि तेवढ्यासाठी ज्वाळा लागत नाही, जुना रंग काढायची हॉट एअर गन पुरते.

आता उतार. स्टँड सबफ्रेमखाली, म्हणजे डिफ आणि चाकांचे दांडे जिला जोडलेले असतात त्या लोखंडी चौकटीखाली होते, गाडी कधीही नुसत्या जॅकवर नव्हती, हे फोटोत दिसत नसलं तरी खरं आहे. पण तुमच्या प्रतिक्रियेनंतर मी सगळं पुन्हा डोळ्यांसमोर आणलं आणि एका गोष्टीने पोटात गोळा आला. या गाडीचा हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो, आणि मागची चाकं हवेत होती. गाडी गिअरमध्ये टाकलेली होती, पण गिअरबॉक्सची ताकद डिफपर्यंत नेणारा दांडा, प्रोपेलर शाफ्ट, तोच सोडलेला, त्यामुळे त्यालाही अर्थ नव्हता. म्हणजे पुढच्या चाकांना लावलेल्या दोन लाकडी ठोकळ्यांवर सगळी गाडी उभी होती, आणि मी खाली. पुढच्या वेळी हे काम मी सपाट जमिनीवर करीन, आणि काढलेली चाकं दोन्ही बाजूंना गाडीखाली आडवी सरकवून ठेवीन. आणखी एक फसगत सांगून ठेवतो: या गाडीत मागून जॅक लावायची नेहमीची जागा म्हणजे डिफच. डिफच उतरवायचा असेल तर ती जागा बाद, त्यामुळे गाडी आधी स्टँडवर नीट बसवून मगच जॅक मोकळा करावा लागतो.

नटांबद्दल मात्र मी ऐकणार नाही. गाडी चाकांवर उभी असताना नट आवळायचा नियम विशबोनच्या, म्हणजे चाकाला धरणाऱ्या दांड्याच्या, बुशला लागू आहे. चाक वरखाली झालं की विशबोन फिरतो आणि त्याच्या बुशमधलं रबर पिळलं जातं, म्हणून ते गाडी उभी असतानाच्या स्थितीत सैल असायला हवं. डिफ चाकाबरोबर हलत नाही. तो सबफ्रेमला टांगलेला आहे, बुश उभे आहेत आणि नट खालून लागतात. गाडी हवेत असो की जमिनीवर, त्या बुशला फरक कळतच नाही. तुमचा नियम बरोबर आहे, फक्त तो शेजारच्या बुशचा आहे.

राहिला मुख्य मुद्दा, आवाजाचा. इथे मला एक कबुली द्यायची आहे.

मी बुशवर संशय घेतला तो टॉमी (छोटी पहार) लावून. गाडीखाली झोपून कान आणि सबफ्रेमच्या मध्ये टॉमी घालून दाबलं, तर डावा कान जेमतेम हलला, उजवा चांगला बोटाच्या जाडीचा अर्धा वर गेला. बाहेर काढल्यावर कारणही दिसलं. उजव्या बाजूच्या ऑइल सीलमधून तेल पाझरत होतं आणि ते थेट त्या बुशवर ओघळत होतं. रबर फुगून मऊ पडलं होतं, नखाने दाबलं तर खूण राहत होती, आणि एका बाजूला मधल्या नळीपासून पूर्ण सुटलं होतं. डावा बुश नुसता म्हातारा होता, वरवर भेगा पडलेला. तेव्हा बुश बाद होता हे नक्की.

पण आवाज त्याचाच होता का? एमएक्स-५ मध्ये गिअरबॉक्सला स्वतःचा आधार नसतो. गिअरबॉक्स आणि डिफ यांना जोडणारी अ‍ॅल्युमिनियमची एक लांब चौकट असते, तिला पॉवर प्लांट फ्रेम म्हणतात. इंजिनाखालचे दोन माउंट आणि डिफचे दोन बुश, या चार रबरांवर सगळा संसार. ती चौकट सोडण्याआधी गिअरबॉक्सखाली जॅक लावला नाही तर त्याचं शेपूट खाली पडतं. तर त्या चौकटीचा डिफकडचा एक बोल्ट सोडायला मी लांब दांड्याचा ब्रेकर बार घेऊन बसलो होतो, आणि तो साध्या पान्याने, मनगटाच्या जोरावर फिरला. हे बोल्ट १०४ ते १२३ न्यूटन-मीटरला आवळलेले असायला हवेत. माझा त्याच्या जवळपासही नव्हता.

ही गोष्ट मी मागच्या लेखात लिहिली नाही. विसरलो नव्हतो. ‘बुश बदलला, आवाज गेला’ ही गोष्ट सरळ होती आणि हा बोल्ट तिच्या आड येत होता. नवे बुश बसवले, त्याच दुपारी बोल्ट टॉर्क पान्याने आवळले, संध्याकाळी गाडी फिरवली तेव्हा आवाज गेलेला. आता त्यातलं श्रेय कुणाला किती, हे मी सांगू शकत नाही. तुम्ही म्हणालात त्याप्रमाणे आवाज बुशचा नसेलही, त्या सैल बोल्टचाच असू शकतो. आधी ते बोल्ट आवळायचे, आठवडाभर गाडी चालवायची आणि मग बुशला हात घालायचा, हा खरा क्रम. ज्यांच्या एमएक्स-५ मधून असा आवाज येतो त्यांनी माझा लेख नव्हे, हा परिच्छेद पाळावा. आणि चौकट सोडणार असाल तर आधी तिची उंची मोजून कुठेतरी लिहून ठेवा. मी गॅरेजच्या दारावर खडूने लिहिली होती. ती चुकली की प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि वेगात गाडी थरथरते.

पॉलियुरेथेनमुळे गाडी थरथरेल हे तुमचं भाकीत अर्धं खरं ठरलं: थरथर नव्हे, गुणगुण. ताशी ५० ते ६० मैलांच्या दरम्यान मागून एक बारीक सूर लागतो. बायकोने पहिल्याच फेरीत विचारलं, “मागे कुणी मिक्सर लावलाय का?” मला तो सूर आवडतो, तिला नाही, आणि गाडी दोघांची आहे. पुढच्या वेळी रबरच.

चारशे पौंडांचं म्हणाल तर हत्यारं, तेल, सील आणि आजींना दिलेली मिठाई धरून फार काही वाचलं नाही.

शेवटी तुम्ही लिहिलंय की तुमच्या बीएमडब्ल्यू झेड-३ ला तुम्हीही कडक बुश बसवून घेणार आहात, गॅरेजमध्ये. माझ्या कामावरची तुमची टीका त्या गाडीच्या अनुभवातून आली असावी, कारण तिथे डिफचा बुश हा खरोखर कळीचा भाग आहे. माझ्या गाडीचं इंजिन जास्तीत जास्त १६० न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ देतं. पहिल्या गिअरमध्ये तो तिपटीहून वाढतो, डिफमध्ये आणखी चौपट होतो, म्हणजे चाकांशी साधारण दोन हजार. त्याची उलट प्रतिक्रिया ती लांब चौकट इंजिनाच्या माउंटपर्यंत, जवळपास दोन मीटरवर पसरवते, त्यामुळे माझ्या दोन बुशांवर मिळून शंभर किलोंएवढा भार येतो. तुमच्याकडे डिफ पुढून सबफ्रेमला बोल्टने घट्ट आणि मागे एकाच कानातून बूटच्या (डिकीच्या) तळाला टांगलेला. हात आखूड, त्यामुळे तेवढ्याच पिळाला जोर कितीतरी पटींनी जास्त, आणि तो सगळा पातळ पत्र्यावर. झेड-३ मध्ये त्या तळाचे स्पॉट वेल्ड (पत्रे जोडणारे वेल्डचे ठिपके) उघडतात ते याचमुळे. गॅरेजला गाडी देण्याआधी बूटमधला गालिचा उचला, विजेरी घेऊन वेल्डच्या ठिपक्यांभोवती बघा आणि नखही फिरवून बघा. रंगाला केसाएवढी जरी भेग लागली, तरी बुशची ऑर्डर थांबवा आणि आधी वेल्डर गाठा.